रोस्टर ज्याच्या हातात

वाशीत नोकरदारांसाठी चालणाऱ्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात मी नेतृत्व हा विषय शिकवते. शनिवारी दुपारची बॅच असते. महापे, रबाळे, तळोजाच्या कारखान्यांतले आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमधले लोक येतात, बरेचसे ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने. आठवडाभर राबून आलेल्या माणसांसमोर ‘कामाचा आणि आयुष्याचा मेळ’ हा विषय काढणं सोपं नसतं. त्यांना तो बऱ्याचदा कंपनीच्या योग दिनासारखा वाटतो, फोटोपुरता.

म्हणून मी स्ट्यू फ्रीडमन यांच्यापासून सुरुवात करते. संघटनात्मक मानसशास्त्र शिकलेला हा माणूस 1984 मध्ये अमेरिकेतल्या व्हार्टन या बिझनेस स्कूलमध्ये शिकवायला आला. 1991 मध्ये त्यांनी तिथे नेतृत्वाचा कार्यक्रमही सुरू केला आणि काम-आयुष्य या विषयावरचा संशोधन प्रकल्पही. पुढे फोर्ड मोटरमध्ये जाऊन तिथल्या नेतृत्व विकासाची धुराही काही काळ सांभाळली. काम, घर, समाज आणि आपण स्वतः, या चार गोष्टी एकमेकींच्या ताटातलं ओढून घेतात असं समजू नका, चौघींचंही भलं होईल असा एखादा लहान बदल शोधा आणि थोडे दिवस करून बघा, असं ते सांगतात. हा प्रश्न हळवेपणा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, हे त्यांच्याच एका पाहणीत दिसतं. 1992 च्या व्हार्टन पदवीधरांपैकी 78 टक्के जणांना पुढे मुलं होऊ द्यायची होती. 2012 च्या पदवीधरांत हे प्रमाण 42 टक्क्यांवर आलं होतं.

वर्गात आधी प्रत्येकाने 100 गुण या चार गोष्टींत वाटायचे. नंतर घरी गृहपाठ. आपल्या जवळच्या माणसांना आपल्याकडून काय हवं आहे असं आपल्याला वाटतं ते लिहायचं, आणि मग त्यांनाच विचारायचं, हे बरोबर आहे का?

कळव्याला राहणारे एक शिफ्ट इनचार्ज त्या बॅचमध्ये होते. त्यांनी कामाला 75 गुण दिले होते, स्वतःला शून्य. बायको हॉस्पिटलात स्टाफ नर्स, तिलाही तिन्ही शिफ्ट. आपण संध्याकाळी घरी असावं एवढंच तिला हवंय, अशी त्यांची पक्की समजूत. जनरल शिफ्टसाठी अर्जही लिहून ठेवला होता. नाइटचा भत्ता जाणार होता आणि मुलाच्या क्लासची फी त्याच भत्त्यातून निघत होती.

पुढच्या शनिवारी ते उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, तिला मी संध्याकाळी नकोय. तिला माझं रोस्टर हवंय.”

वर्ग हसला, ते हसले नाहीत. त्यांच्या प्लांटमध्ये पुढच्या आठवड्याचं रोस्टर शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर पडायचं. तिच्या वॉर्डची ड्यूटी गुरुवारीच ठरलेली असायची. त्यामुळे दोघांची नाइट एकाच दिवशी आली की मुलाला कोणाकडे ठेवायचं, हा प्रश्न दर आठवड्याला ऐन वेळी उभा राहायचा. बुधवारी कळलं तर मी माझी ड्यूटी बदलून घेईन, एवढंच तिचं मागणं होतं.

मागच्या बाकावरून ऐरोलीच्या एका टीम लीडने मध्येच विचारलं, “सर, तुम्ही इनचार्ज आहात. तुमच्या हाताखालच्या कंत्राटी पोराने कोणाला विचारायचं?”

मी शिक्षिका म्हणून उत्तर द्यायला पुढे झाले होते. त्यांनी मला हात करून थांबवलं. “तेच सांगतोय. रोस्टर मीच बनवतो. माझ्या बायकोचं जे होतं तेच माझ्या प्रत्येक ऑपरेटरच्या घरी होत असणार. आजवर मी एकालाही विचारलेलं नाही.”

त्यानंतर वर्गात कोणी वेळेचं नियोजन, लवकर उठणं, फोन बंद ठेवणं यांबद्दल बोललं नाही. सगळे आपापल्या हातात कोणाचा वेळ आहे ते मोजायला लागले. कोणी सुट्ट्या मंजूर करत होतं, कोणी रात्री नऊला मीटिंग लावत होतं. फ्रीडमन याला नेतृत्वाचा विषय का म्हणतात, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहून समजावते आहे. त्या दिवशी ते एका शिफ्ट इनचार्जने माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं.

1948 च्या कारखाना कायद्याने कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावणं बंधनकारक केलं होतं. तशी सूचना त्यांच्या गेटजवळही होती. शिफ्ट किती वाजता सुरू होते ते त्यावर लिहिलेलं, पण सोमवारी नाइटला कोण, हे कुठेच नाही.

त्यांनी प्लांट हेडकडे महिनाभराची मुदत मागितली. रोस्टर बुधवारी लावायचं, नंतर बदल झाला तर इनचार्जने स्वतः फोन करून विचारायचं. प्लांट हेडला हवं होतं ते वेगळंच, ऐन वेळच्या गैरहजेरीमुळे पडणाऱ्या डबल ड्यूट्या थांबायला हव्या होत्या. महिनाअखेरीस त्या बऱ्याच कमी झाल्या आणि बुधवारचा नियम कायम झाला. जनरल शिफ्टचा अर्ज त्यांनी दिलाच नाही.

पॅकिंगच्या कंत्राटदारानेही बुधवार मान्य केला. लोडिंगच्या कंत्राटदाराने मात्र नाही म्हटलं. गाड्या कधी येतील ते ट्रान्सपोर्टवाले आदल्या रात्रीपर्यंत सांगत नाहीत, हे त्याचं कारण. आता ते इनचार्ज ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलताहेत.