ऐरोलीच्या खाडीत रोहित पाहायचे तर आधी पंचांग उघडा

ठाण्यात आयुष्य गेलं, पण खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्षी, जवळून पाहायला यंदाचा फेब्रुवारी उजाडावा लागला. तेही दुसऱ्या फेरीत. पहिल्या वेळी रविवार बघून सासरे, लेक आणि मी सकाळी साडेदहाला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रावर पोचलो. खाडीला ओहोटी लागलेली होती. धक्क्यापाशी चिखल उघडा पडला होता आणि पक्षी दाखवायला नेणारी बोट संध्याकाळपर्यंत निघणार नव्हती. लेकाचा चेहरा पाहवेना.

घरी आल्यावर चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या ओळखीच्या मावशींना हे सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथी कुठली होती?" अष्टमी होती. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते, हा त्यांचा हिशोब. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती आणि मध्ये बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आम्ही नेमके पाणी उतरताना गेलो होतो. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो, तेवढा धरून चला.

पण पूर्ण भरतीची वेळ गाठूनही चालत नाही. रोहित उघड्या चिखलात चरतात. ओहोटीला बोट चालत नाही आणि चिखल पाण्याखाली गेला की थवे उठून दुसरीकडे विसाव्याला जातात. म्हणून पाणी निम्मं चढलेलं असताना, म्हणजे भरतीच्या साधारण दीड-दोन तास आधी बोटीत असावं. आम्ही पुढच्या पंधरवड्यातला षष्ठीचा शनिवार धरला. भरती साडेचारच्या पुढे होती, म्हणून तीनची फेरी आधीच नोंदवून ठेवली. सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका. केंद्र सोमवारी बंद असतं.

ऐरोली पुलापासून वाशी पुलापर्यंतचा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. बोट पुलाकडून दक्षिणेला निघाली. दोन्ही काठांना तिवरांची भिंत, आणि चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं. चिखलात निवट्या मासे उड्या मारत होते. शेकाटे, तुतवार, कुरव हे पाणपक्षी दिसत गेले. वळणापुढे चिखलावर फिकट गुलाबी रेघ दिसली. जवळ जाता जाता तिचे पाय आणि माना वेगळ्या झाल्या, तेव्हा सासरे नुसतेच "अगं बाई" म्हणाले आणि नंतर बराच वेळ गप्प राहिले.

बहुतेक लहान रोहित होते. त्यांची चोच गडद लालसर असते. मोठा रोहित उंच, पांढुरका, फिकट गुलाबी चोचीला काळं टोक. मान खाली घालून, चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात. लहान रोहित सूक्ष्म शैवाल खातो आणि त्यातल्या रंगद्रव्यानंच पिसं गुलाबी होतात. करडे पक्षी दिसले तर ती वेगळी जात समजू नका, ती पिल्लं आहेत. कच्छच्या रणात चिखलाचे उंचवटे करून हे पक्षी घरटी घालतात. वाळवंटातल्या त्या खारट पाण्यावर वाढलेला पक्षी मुलुंड-भांडुपच्या इमारतींसमोर चरताना पाहून मला भरून आलं.

बोटीतल्या एका गृहस्थांनी बोट आणखी पुढे न्यायचा आग्रह धरला. नावाड्यानं नकार दिला, ते फार बरं केलं. थवा एकदा उडाला की त्याचं चरणं मोडतं, आणि भरती चढत असताना चरायला वेळ आधीच थोडा उरलेला असतो. जवळून पाहायचं असेल तर 8×42 ची दुर्बीण न्या.

दुपारच्या फेरीत पश्चिम काठाकडे बघताना ऊन डोळ्यांवर येतं. फोटो हवे असतील तर सकाळची भरती शोधा. द्वादशी ते चतुर्दशी, पक्ष कुठलाही चालेल. टोपी आणि पाणी घ्या, बोटीत चढण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, आणि भडक कपडे टाळा. ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं ऐरोली, पुढे रिक्षा. पक्षी नोव्हेंबरपासून येऊ लागतात आणि पावसाच्या सुमारास परततात. माझ्या मते फेब्रुवारी-मार्च उत्तम, मे महिन्यात वयस्कर माणसांना बोटीतलं ऊन सोसत नाही.

बोट नाहीच जुळली तर ऐन भरतीला नवी मुंबईत सीवूड्सजवळच्या डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) तलावाकडे जा. खाडीतला चिखल बुडाला की थवे तिथे येऊन उभे राहतात आणि रस्त्यावरून दिसतात. मात्र तलावात भरतीचं पाणी आत-बाहेर खेळतं राहिलं तरच. पाणी अडलं, शैवालाची साय धरली की पक्षी पाठ फिरवतात. तिथे गेलात आणि पाण्यावर हिरवा थर दिसला, तर फोटो काढून वनविभागाला जरूर कळवा.