कबड्डीचं मैदान आणि साहेबांचा बॅनर

आमच्या रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात पाऊस गेला की गावोगावी कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात, आणि निवडणूक जवळ असली ना की त्या जरा जास्तच दिसायला लागतात, चषकाला साहेबांचं नाव, कमानीवर साहेबांचा फोटो, पोरांच्या जर्सीवरपण तेच. पैसा कुणीतरी द्यायलाच लागतो हे मान्य, नुसत्या वर्गणीवर मंडळाची पोरं लाईट, मॅट, ट्रॉफ्या कुठून आणणार? पण सेमी फायनल रंगात आलेली असताना नेत्याची गाडी आली म्हणून मॅच थांबवून सत्कार करायचे, तोवर घामाने निथळणारा रेडर थंड पडतो, हे मला अजिबात पटत नाही.

वरतीपण तेच. भारतीय कबड्डी महासंघावर राजस्थानचे काँग्रेस नेते जनार्दनसिंह गेहलोत १९८४ ते २०१३ अध्यक्ष, त्यांच्यानंतर त्यांची पत्नी, आणि २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती निवड रद्द केली. १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये कबड्डी आली ती गेहलोतांच्याच काळात, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तरीपण एकाच घरात इतकी वर्षं खुर्ची? खेळलेल्या माणसांनी जायचं कुठे मग?

मंडळवाल्यांनो, देणगी घ्या, बॅनरपण लावा. पण पंच कोण, टीममध्ये कोण आणि मॅच किती वाजता, या तीन गोष्टींसाठी कुणाचाही फोन उचलू नका.