तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ओसाडात काय बघायला गेलात?

गणपतीत, बारशाला, दिवाळीच्या फराळाला, कुठेही भेटा, हातात ताट घेतलेलं कुणीतरी मला गाठतंच. “काकू, तुम्ही दोघं म्हणे कॅराव्हॅन घेऊन ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, त्या आतल्या कोरड्या मुलखात फिरून आलात? भीती नाही वाटली? आणि त्या ओसाडात काय बघायला गेलात?” मी म्हणते, “छान झाली हो ट्रिप.” तेवढ्यात रांग पुढे सरकते आणि वाटीत आमटी पडते. खरं उत्तर ताट सांभाळत देण्याएवढं लहान नाही, म्हणून आज लिहूनच काढते.

आधी भीतीचं. वाटली ना. पण सापांची नाही, डिंगो या रानकुत्र्यांची नाही, चोराचिलटांची तर नाहीच. भीती वाटायची ती संध्याकाळी कॅराव्हॅन पार्कमध्ये शिरताना. गाडीमागे अठरा फुटी घर जोडलेलं, आणि ते उलटं घेत नेमून दिलेल्या जागेत बसवायचं. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की मागचं धूड उजवीकडे जातं. हे चाकावर, मी मागे वॉकीटॉकी घेऊन उभी. “डावीकडे घ्या.” “तुझी डावी का माझी डावी?” आधी येऊन स्थिरावलेले लोक खुर्च्या टाकून, हातात ग्लास घेऊन बघत बसलेले असतात. त्यांची संध्याकाळची करमणूक तीच. चौथ्या पार्कनंतर आम्ही डावं-उजवं सोडलं आणि “झाडाकडे”, “नळाकडे” असं बोलायला लागलो. तेव्हापासून संसार सुरळीत आहे.

मुलीचा प्रश्न वेगळा होता: “बाबांचा स्टेंट आहे, तिकडे काही झालं तर?” तो प्रश्न त्या देशालाही फार पूर्वी पडलेला आहे. जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्याने १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीहून विमानातून डॉक्टर पाठवायची सोय सुरू केली, तीच आजची फ्लाइंग डॉक्टर सेवा. वीस डॉलरच्या नोटेवर ते गृहस्थ आहेत. स्टुअर्ट हायवेवर काही ठिकाणी डांबरावरच धावपट्टीचे पट्टे मारलेले दिसतात, वेळ पडली तर रस्ता अडवून विमान उतरवायला. ह्यांनी तो पट्टा पहिल्यांदा पाहिला तेव्हा गाडी हळू केली आणि म्हणाले, “आपल्याकडे दवाखान्यापर्यंत रस्ता आणतात, इथे रस्त्यालाच दवाखाना आणतात.” आम्ही एक सॅटेलाइट फोन भाड्याने घेतला होता. नऊ आठवड्यांत तो फक्त मुलीला “जेवलो” सांगायला वापरला.

आता त्या ओसाडाचं. इथे मला थोडं मागे जावं लागेल.

माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीजवळचं. पर्जन्यछाया हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात आला तेव्हा बाईंना तो समजावून सांगावा लागला नाही. १९७२ च्या दुष्काळात मी सोळा वर्षांची होते. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, दुपारी सुकडी मिळायची. घरात पाण्याच्या तीन घागरी, आणि कोणत्या घागरीला कुणी हात लावायचा हे आजी ठरवायची. पुढे शिकले, मुंबईत लग्न झालं, १९८६ मध्ये मेलबर्नला आलो, आणि नळ सोडला की पाणी येतं या गोष्टीची मला इतकी सवय झाली की ती सवय आहे हेच विसरले. हे गिरगावातले. ह्यांच्या लेखी दुष्काळ म्हणजे सकाळी सातऐवजी साडेसातला आलेलं पाणी.

२०१९ च्या जूनमध्ये निघालो. पहिला मुक्काम मिल्ड्युरा. तिथून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना याम्बाची तपासणी चौकी लागते. फळमाशी येऊ नये म्हणून फळं आणि फळभाज्या तिथे काढून घेतात. माझे टोमॅटो, लिंबं आणि पाव किलो हिरव्या मिरच्या टोपलीत गेल्या. मिरच्या देताना माझा चेहरा बघून तो अधिकारी म्हणाला, “सॉरी, डार्लिंग.” ठेच्याची बरणी मात्र त्याने उघडून हुंगली, मान झटक्यात मागे घेतली आणि झाकण लावून परत दिली. त्या बरणीवर पुढचे कित्येक दिवस निघाले.

हॉकर, पॅराचिल्ना, लिंडहर्स्ट करत आम्ही फरीनाला पोचलो. फरीना म्हणजे पीठ. १८७८ मध्ये वसलेलं गाव, आता नुसत्या दगडी भिंती उभ्या आहेत. त्याआधी १८६५ मध्ये जॉर्ज गॉयडर नावाच्या सर्व्हेअर जनरलने घोड्यावरून फिरून एक रेघ आखून दिली होती: हिच्या उत्तरेला पिकाचा भरवसा धरू नका. पण मधे काही वर्षं पाऊस बरा झाला आणि लोकांना वाटलं, नांगर जातो तिथे पाऊस मागोमाग येतो. गव्हाचं कोठार करायचं म्हणून गावाचं नावच पीठ ठेवलं. मग पाऊस थांबला. हे त्या भिंतींचे फोटो काढत होते आणि मला हसूही येत होतं, कसंसंही होत होतं. दोन वर्षं मृग बरा लागला की आमच्याकडेही माणसं कर्ज काढून विहिरीला हात घालायची.

गंमत म्हणजे त्या मेलेल्या गावात पाव मिळतो. जुनी भट्टी जमिनीखाली आहे. थंडीत काही आठवडे स्वयंसेवक येऊन तीत लाकडं पेटवतात आणि पाव, बन आणि ‘पाय’ (सारण भरलेली पेस्ट्री) भाजतात. बहुतेक सगळे आमच्याच वयाचे, आपापली कॅराव्हॅन घेऊन आलेले. धुळीच्या रस्त्यावर पावासाठी रांग! त्या गरम पावाला ठेचा लावून खाल्ला. शेजारच्या बाईंनी चव मागितली, दिली, आणि मग त्यांना पाणीही द्यावं लागलं.

मरी हे पुढचं गाव. इथून ऊडनाडाटा ट्रॅक हा कच्चा रस्ता सुरू होतो. जुनी रेल्वे १९८० मध्ये बंद झाली, तिची इंजिनं उभी आहेत, आणि गावात खजुराची झाडं आहेत. ती लावली उंटवाल्यांनी. मातीची एक मशीदही आहे, मूळची नव्हे, तिच्यासारखी पुन्हा बांधलेली. या लोकांना सरसकट अफगाण म्हणायचे, पण त्यांत बलुची, पंजाबी, सिंधीही होते. १८६६ मध्ये थॉमस एल्डर यांनी शंभरावर उंट आणवले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे या रस्त्याने माल वाहणारे पहिले उंट आमच्याच इलाख्यातून निघालेले! हे त्या दिवशी एवढे खूश झाले, जणू उंट ह्यांनीच पाठवले होते. मला मात्र तिथे दुसरंच दिसत राहिलं. रेल्वेच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. गावकुसाबाहेरची वस्ती कुठून सुरू होते, हे मला कुणी दाखवावं लागत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो प्रसंग. मरी सोडलं, टायरमधली हवा कमी केली आणि कच्च्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर आडव्या लाटा असतात, पन्हाळी पत्र्यावरून गाडी नेल्यासारखं होतं. दात वाजतात, कपाटं आपोआप उघडतात. थोड्या वेळाने वाटेत दोन विमानं शेपटीवर उभी केलेली दिसतात. खरोखरीची विमानं, कुणा कलाकाराची करणी. फोटोसाठी थांबलो. हे विमानांकडे गेले. मी कॅराव्हॅनचं दार उघडलं तर मसाल्याचा डबा खाली पडलेला आणि हळद सगळीकडे: गादीवर, सिंकमध्ये, ह्यांच्या पायजम्यावर. फडकं घेते न घेते तोच एक वास आला. ओल्या मातीचा. पहिल्या पावसाचा म्हणतो तो. आभाळ निरभ्र, जुलैची कोरडी थंडी. पाऊस कुठून येणार?

उतरून खाली वाकले. टाकीचा पाइप दगडाने फुटला होता आणि लाल धुळीत पाण्याची बारीक धार लागली होती. आमच्या दोन टाक्या, प्रत्येकी ८० लिटरच्या. त्यांतली एक त्या जमिनीने प्यायलेली. (या वासाला पेट्रिकोर हे नाव १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच दोन शास्त्रज्ञांनी दिलं. नाव माझ्या नातवाला माहीत होतं, वास मला.)

ह्यांनी नकाशा काढला, फोन काढला, पुस्तक काढलं. मी तांब्या काढला. दुसऱ्या टाकीत साठेक लिटर होतं. इकडे रस्त्यावर थांबलेली गाडी दिसली की पुढचा माणूस थांबतोच, हा तिथला शिरस्ता. तसा एक म्हातारा यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) घेऊन आला, जमिनीवर उताणा झोपला, रबरी ट्यूबचा तुकडा पाइपवर ताणून गुंडाळला आणि तार आवळली. जाताना वीस लिटरचा कॅन ठेवून गेला. नाव विचारलं तर हसून म्हणाला, कॅन विल्यम क्रीकच्या पबमध्ये ठेवा, मी नेईन.

त्या दिवसापासून राज्य माझं. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत. भांडी आधी कागदाने पुसायची, मग ओलं फडकं. अंघोळ एक तांब्या, तीही एक दिवसाआड. ह्यांनी दात घासताना नळ सोडला तर मी आजीच्याच आवाजात ओरडले, आणि माझी मीच दचकले. सत्तेचाळीस वर्षांनी तो आवाज माझ्या घशात तसाच्या तसा होता. तुम्ही भीतीचं विचारता. मला तिथे भीती वाटत नव्हती, कारण त्या रस्त्यावर कसं राहायचं हे मला मेलबर्नपेक्षा जास्त येत होतं. घाबरले होते ते हे.

दुसऱ्या दिवशी कॉवर्ड स्प्रिंग्ज. ऑस्ट्रेलियाच्या पोटात ग्रेट आर्टेशियन बेसिन आहे, देशाच्या एक पंचमांशाहून मोठ्या भागाखाली पसरलेलं पाणी, काही तर दहा लाख वर्षांचं मुरलेलं. या ट्रॅकच्या बाजूने ते जागोजाग झऱ्यांतून वर येतं. एका झऱ्यात तळची वाळू पिठल्याला उकळी यावी तशी गदगदते. इथल्या मूळच्या अराबाना लोकांच्या वाटा या झऱ्यांवरून गेल्या, मग तारायंत्राची लाइन गेली, मग रेल्वे. कॉवर्ड स्प्रिंग्जला रेल्वेच्या काळातलं बोअर आहे आणि त्याचं कोमट पाणी लाकडी हौदात सोडलंय. मी गळ्यापर्यंत त्यात बसले. पाणी एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूने बोरूच्या बेटात निघून जातं. पहिली पाच मिनिटं मला ते वाहून जाणं बघवेना. हे म्हणाले, “अगं, ते असंच वाहतं.” “माहीत आहे,” मी म्हटलं, आणि बोटं सुरकुतेपर्यंत बाहेर आले नाही.

विल्यम क्रीकला पबमध्ये कॅन ठेवला आणि छोट्या विमानातून काटी थांडा, म्हणजेच लेक एअर, बघितलं. समुद्रसपाटीच्या १५ मीटर खाली असलेलं, एरवी मिठाचं कोरडं ताट. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चात पाऊस पडला होता क्वीन्सलंडात, तिथलं पाणी नद्यांतून शेकडो किलोमीटर रांगत काही महिन्यांनी इथे पोचलं होतं. जिथे थेंब पडला नाही तिथे तळं! हे पिशवीत तोंड घालून बसले होते, त्यांना विचारू नका. रात्री मात्र ढग आले आणि पबमधला पोरगा म्हणाला, पाऊस झाला तर रस्ता बंद, चिखल वाळेपर्यंत इथेच. आयुष्यात पहिल्यांदा मी “पडू नको रे बाबा” म्हटलं. माहेरच्या देवाने कान झाकून घेतले असतील.

कुबर पीडी या खाणींच्या गावाबद्दल सगळे विचारतात, म्हणून दोन ओळी. १९१५ मध्ये एका पोराला तिथे ओपल हे रत्न सापडलं, उन्हाळ्यातल्या भाजणाऱ्या उन्हामुळे लोक जमीन खोदून आत राहतात, आम्हीही एक रात्र राहिलो. मला गुदमरल्यासारखं झालं. लक्षात राहिलं ते पाण्याचं यंत्र. नाणं टाकायचं, पाइप टाकीत धरायचा, नाण्यापुरतं पाणी येतं. ह्यांनी पहिलं नाणं टाकलं आणि पाइप टाकीच्या तोंडात घालायच्या आधीच पाणी सुरू झालं. दोन-तीन लिटर जमिनीवर. मी काही बोलले नाही. हेच म्हणाले, “बोल आता.”

येत्या मे महिन्यात पुन्हा निघतोय, या वेळी मरीहून बर्ड्सव्हिलकडे. ह्यांनी पाइपांवर जाड पत्रा ठोकून घेतला आहे आणि डावं-उजवं अजून बंदच आहे. मसाल्याच्या डब्याला मी इलॅस्टिक लावलंय. ठेच्याच्या बरण्या तीन नेणार, एक फरीनाच्या भट्टीवरच्या मंडळींसाठी. पाण्याचे दोन कॅन जास्तीचे घेतले आहेत, त्यांतला एक वाटेत कुणाला तरी द्यायचा.