दुपारी अडीचचा हँग

मध्यंतरी एका दुपारी कॉम्प्युटर पुन्हा थिजला. माउसचा बाण जिथल्या तिथे, कोपऱ्यातल्या घड्याळात २.३४, आणि स्पीकरमधनं एकच सूर, किर्रर्र, रातकिड्यासारखा. मागे कूलर धडधडतोय, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही आणि मी एस्केप बडवतोय. एस्केपने आजवर कुणाची सुटका झालेली मी तरी पाहिली नाही पण बडवतो आपण. मग कंट्रोल-अल्ट-डिलीट, मग तेच जरा जोरात, जसं काही त्याला कमी ऐकू येतं. शेवटी पॉवरचं बटन दाबून धरायचं, चार-पाच सेकंद, नरडं दाबल्यासारखं. आणि मग ती शांतता, जिच्यात आठवतं की एक्सेल सेव्ह केलेली नव्हती.

महिनाभर हेच चालू आहे. कधी थिजतो, कधी तो निळा पडदा आणि त्यावरचा आडवा पडलेला रडका चेहरा, कधी तर काहीच न सांगता आपला बंद होतो आणि आपलाच चालू होतो, जसं काही झालंच नाही. बरं रोज झालं असतं तरी चाललं असतं. कायमचं बिघडलेलं यंत्र परवडतं, त्याला धरून बसता येतं. हे मधूनच बिघडणारं म्हणजे त्या पाहुण्यासारखं, जो येतो म्हणतो आणि येत नाही, आणि आपण आंघोळीला गेलो की दारात उभा.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात नेला. स्कूटीच्या पायाशी कॅबिनेट उभं करून, मागे बायको, एका हाताने मला धरून आणि दुसऱ्या हाताने तोंडावरचा दुपट्टा. दुकानात एसी. दोन दिवस तिथे हा शहाण्यासारखा चालला. पोरगं म्हणालं, "काका, काहीच प्रॉब्लेम नाही, मस्त चालून राहिला." ब्लोअर मारून धूळ काढली (धूळ कसली, अर्धी उशी भरली असती), प्रोसेसरवरची वाळून खडा झालेली पेस्ट खरवडून नवीन लावली, पाचशे घेतले. घरी आणला, लावला, तिसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता रातकिडा. आई म्हणायची, हे पोट्टं रात्रभर तापानं फणफणतं अन् डॉक्टरची पायरी चढली की खेळायला लागते. पोट्टं म्हणजे मी.

मग मीच मागे लागलो. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर म्हणून एक वही असते, तिच्यात सगळं लिहिलेलं असतं म्हणतात. उघडली, तर लाल खुणेची ओळ, कर्नल-पॉवर, ४१. मला आधी वाटलं कामठीच्या लष्करी छावणीतले कुणी कर्नलसाहेब असतील. पण ४१ चा अर्थ एवढाच, की यंत्र नीट बंद न होता बंद पडलं होतं. आणि हेसुद्धा ते पुन्हा चालू झाल्यावर लिहितं! म्हणजे चक्कर येऊन पडलेला माणूस शुद्धीवर आल्यावर गंभीरपणे सांगतो, मी पडलो होतो बहुतेक. हो बाप्पा, आम्हीच उचललं तुला.

रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी काढून पोरीच्या कंपासमधल्या खोडरबराने त्या पट्टीचे सोनेरी दात घासले. हे आपल्याकडे सगळेच करतात. त्याने नक्की काय होतं ते विचारायचं नसतं, पण त्या खोडरबराच्या वासाने चौथीची वर्गखोली नाकात येते तेवढा तरी फायदा. मग रात्रभर मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवला, सकाळी शून्य चुका. रात्री कसा चुकेल, त्याची वेळ दुपारची. त्या रात्रीच जागत वाचत बसलो, तर बेल्जियममधल्या २००३ च्या एका निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली होती म्हणे, आणि शोधून शोधून शेवटी संशय कुठे, तर अंतराळातनं आलेला एखादा कण मेमरीवर आदळला असावा आणि एका शून्याचा एक झाला असावा. चार हजार शहाण्णव म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणून तो संशय. हे वाचून मी कॉम्प्युटरकडे वर्गातल्या वांड पोराकडे बघावं तसा बघत राहिलो. आता आकाशावर पण नाव घालशील का?

माझी एक खोड आहे, कुठलाही बिघाड दुरुस्त करताना मी पाच गोष्टी एकदम करतो. हार्डडिस्कची सॅटा केबल बदलली, ड्रायव्हर टाकले, बायोसचा सेल नवीन घातला, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला, कूलरची पिन दुसऱ्या बोर्डवर नेली, सगळं एकाच रविवारी. दुकानातलं पोरगं हात जोडून म्हणालं होतं, काका, एका वेळी एकच गोष्ट बदला अन् मग पाहा. बरोबरच आहे त्याचं. पण धीर कुणाला, आणि मे महिन्यात तर नाहीच.

मे महिन्यात कुणावर काय भरवसा ठेवायचा. २०२४ च्या मे अखेरीला आपल्या रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने छप्पन्न डिग्री दाखवले होते, आठवतंय ना? सगळ्यांनी गावोगावच्या नातेवाईकांना फोन करून अभिमानाने सांगून टाकलं, आणि मग हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सरच बिघडला होता. म्हणजे ऊन मोजायला ठेवलेलं यंत्रच उन्हात बरळायला लागलं. नवतपा होता, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, माणसं पण बरळत होती. माझ्या डब्याने दुपारी अडीचला थिजावं यात एवढं नवल काय.

तर त्या रविवारी, उघड्या कॅबिनेटच्या पत्र्याला कोपर लागलं आणि चुण् झालं. झटका नाही, मुंगी चावल्यासारखं. पुन्हा हात फिरवला, पुन्हा चुण्. आणि मी आपोआप खाली बघितलं, पायात चप्पल आहे का.

हे बघणं आईचं. कूलर बसला की घरात तिचा एकच मंत्र, चप्पल घाल. कूलरमध्ये पाणी टाकायचं तर आधी स्विच बंद, मग पिन काढ, मग चप्पल, आणि तरी कूलरसमोर जेवायचा लाकडी पाट ठेवलेला असायचा, त्यावर उभं राहून मगच टाकीला हात लावायचा. दर उन्हाळ्यात पेपरमध्ये कुठे ना कुठे कुणी कूलरचा शॉक लागून गेल्याची बातमी असतेच, ती कापून आई देवघराच्या आतल्या बाजूला चिकटवायची. आम्ही हसायचो. बाबा पोस्टात होते, विजेशी संबंध शून्य, पण शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. ऑफिसातनं आले की पाटावर चढून कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावणार, त्यातला तो गव्हाएवढा लाल दिवा पेटतो का बघणार, आणि किंचित जरी पेटला तरी बादली घेऊन मागच्या अंगणात.

मानेवाड्याच्या ले-आऊटमध्ये घर बांधलं तेव्हा मागे अर्थिंगचा खड्डा केला होता, पाईप, त्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर. आपली काळी माती, पावसाळ्यात गूळ, उन्हाळ्यात इतक्या भेगा की त्यात माझा चेंडू गेला होता तो परत आला नाही. माती आक्रसली की पाईपला सोडते, आणि पाईप जमिनीत असून नसल्यासारखा. म्हणून रोज संध्याकाळी त्या पाईपच्या तोंडात एक बादली पाणी, अधूनमधून मूठभर मीठ. तेव्हा नळ एक दिवसाआड यायचा. आई चिडायची, "पोट्ट्यांच्या आंघोळीला पाणी नाही अन् तुम्ही खड्ड्यात ओतून राहिले." बाबा शांतपणे म्हणायचे, "ते पण पिऊनच राहिलं ना." आणि खरंच, कान लावला तर आतून गुडगुड आवाज यायचा.

मी टेस्टर शोधला. कॅबिनेटच्या पत्र्याला लावला, दिवा पेटला, मंद, पण पेटला. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, त्याच्या आत फिल्टरचे बारके कंडेन्सर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून येऊन पत्र्याला मिळतात. अर्थिंग धड असेल तर ते थेंबभर करंट जमिनीत निघून जातं, नसेल तर दोनशेतीसच्या निम्मे व्होल्ट पत्र्यावर मुक्कामाला. पाच वर्षांपूर्वी मागच्या अंगणात सिमेंटचे गट्टू बसवले, चिखल नको म्हणून. गट्टूवाल्याने विचारलं होतं, साहेब, हा पाईप ठेवायचा का. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी फोनवर होतो. हाताने खूण केली, झाकून टाक.

सब्बलने चार गट्टू काढले. पाईप होता, तोंडावर बाबांनीच बसवलेला डालड्याच्या डब्याचा पत्रा, गंजून चाळण झालेला. एक बादली ओतली, आवाजच नाही. दुसरी ओतली तेव्हा कुठे खालून गुडगुड आली आणि कडेच्या भेगेतून मुंग्यांची रांग बाहेर पडली, तोंडात अंडी घेऊन. बायको दारातून म्हणाली, "गेला का करंट?" मी टेस्टर लावून आलो. दिवा कमी झाल्यासारखा वाटला, किंवा मला वाटायला हवा होता.

त्यानंतर सहा दिवस कॉम्प्युटर चालला. पण त्या सहा दिवसांत दोनदा ढग आले, कूलर दुसऱ्या बोर्डवर आहे आणि टेबलफॅन चालूच आहे, तेव्हा कशाने चालला ते पोरगं विचारेल तर मी काय सांगू.

काल तीन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा रातकिडा लागला. बटन धरलं, गप्प केला. चालू व्हायला वेळ घेतोच तो, म्हटलं तोवर पाणी टाकून येऊ.