विरुंगाच्या धुक्यात गोरिलांच्या भेटीला

रवांडातल्या मुसांझेहून किनिगीकडे निघालं की बटाट्याची वावरं थेट विरुंगा या ज्वालामुखींच्या रांगेच्या उतारावर चढत जातात. ती संपतात तिथे लाव्हाच्या काळ्या दगडांचा गडगा लागतो. रानरेडे शेतात उतरू नयेत म्हणून तो घातलाय. गडगा ओलांडला की चिखल, बांबू आणि धुकं.

सकाळी सातला किनिगीतल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयात हजेरी लावायची. आठ-आठ जणांचे गट करतात आणि प्रत्येक गटाला गोरिलांचं एक कुटुंब नेमून देतात. गुडघे दुखत असतील तर इथेच स्पष्ट सांगा, जवळचं कुटुंब द्यायचा प्रयत्न करतात. चाल तासाभराची की चार तासांची, हे गोरिला कुठे चरतायत त्यावर ठरतं. माग काढणारे पहाटेच पुढे गेलेले असतात आणि वॉकीटॉकीवरून वाटाड्याला ठावठिकाणा कळवत राहतात.

पोर्टर घ्याच, सॅक हलकी असली तरी. निसरड्या उतारावर त्याचा हात लागतो, आणि पूर्वी याच रानात शिकार करणारे काही जण आज पोर्टर म्हणून कमावतात. बागकामाचे जाड हातमोजे आणि जाड पँट हवीच. इथली काटेरी झुडपं पातळ कापडातूनही डसतात आणि बराच वेळ आग होत राहते. पँट मोज्यांत खोचा, मुंग्या वर चढत नाहीत.

बांबू मागे पडला की हागेनियाची शेवाळाने मढलेली जुनी झाडं लागतात. तिथेच वाटाड्याने थांबवलं, सॅक आणि काठ्या खाली ठेवायला लावल्या, मास्क चढवायला सांगितलं. मग तो घशातून खोल घुमल्यासारखा आवाज काढू लागला. आम्ही आलोय, घाबरू नका, असा त्याचा अर्थ. झुडपाआडून तसंच उत्तर आलं.

पाठीवर रुपेरी केस असलेला नर रानटी सेलरीचा दांडा दातांनी सोलत बसला होता. साल बाजूला टाकायची, आतला रसाळ गर खायचा, घाई कसलीच नाही. नाकावरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या. संशोधक त्यावरूनच त्यांना ओळखतात. दहा मीटर अंतर आपण पाळायचं, पिल्लांना तो नियम ठाऊक नसतो. जवळ आलं तर हळूच मागे सरका, हात लावू नका. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, आपला संसर्ग त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

मिळतो एकच तास. सुरुवातीला थोडे फोटो काढा आणि कॅमेरा ठेवून द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

परवाना 1,500 डॉलरचा. रक्कम मोठी आहे, पण मला ती पटते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. 2015-16च्या गणनेत 604 भरले. पर्यटनाच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा आसपासच्या गावांना मिळतो, आणि त्याशिवाय हे रान टिकलं नसतं.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर बिसोके हा ज्वालामुखी चढा. 3,711 मीटरवर विवरात तळं आहे. धुकं असलं तर दिसणार नाही, ती तयारी ठेवा. जून ते सप्टेंबर पाऊस कमी, तरी रेनकोट लागतोच. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर देशभर बंदी आहे, सामान भरतानाच त्या काढून टाका. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी 'उमुगांडा' म्हणजे सामूहिक श्रमदान असतं, तेव्हा दुकानं बंद आणि रस्त्यावर वाहनं तुरळक. राजधानी किगालीहून निघायला तो दिवस टाळा.