राजाचे पाय

आयफेल झालं, सीन नदीतली बोट झाली, पावसात भिजणंही झालं. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. लूव्र संग्रहालयात मोनालिसासमोर तर डोक्यांवर धरलेले मोबाइलच दिसले. पंढरपुरात कळसदर्शनावर भागवतात, तसं लांबूनच बघून आम्ही सटकलो.

सुली विभागाचा दुसरा मजला गाठेपर्यंत पाय बोलायला लागले होते. मी बाक शोधत होते, तेवढ्यात ताई थबकली. समोर फ्रान्सचा चौदावा लुई. इआसँत रिगोनं १७०१ मध्ये रंगवलेला, चित्र चांगलं पावणेतीन मीटर उंच, त्यामुळे आपण आपोआप मान वर करून बघतो आणि तो आपल्याकडे खाली बघतो. ही पहिली युक्ती.

ताई कथक शिकवते. ती म्हणाली, "अगं, पाय बघ ना! हा नाचणारा माणूस आहे."

खरंच होता. १६५३ मध्ये, चौदाव्या वर्षी, दरबारी बॅलेत तो उगवता सूर्य होऊन नाचला होता. पुढे १६६१ मध्ये त्यानं नृत्याची अकादमीच काढली. चित्रात निळा, सोनेरी लिलीफुलांचा राज्याभिषेकाचा झगा मुद्दाम खांद्यावर टाकलाय, पांढरे मोजे घातलेल्या पोटऱ्या दिसाव्यात म्हणून. पावलं बॅलेसारखी बाहेर वळलेली. बुटांच्या टाचा लाल, तसल्या टाचा दरबारातल्या उमरावांनीच मिरवायच्या.

आणि चेहरा? तो साठी ओलांडलेल्या म्हाताऱ्याचा. दात गेलेले, गाल आत ओढलेले. संधिवातानं बेजार झालेल्या माणसाला हे तरुण पाय जोडलेत. चेहऱ्याचा भाग तर वेगळ्या कॅनव्हासवर रंगवून मोठ्या चित्रात बसवलाय. रिगोला तोही गुळगुळीत करता आला असता, पण त्यानं केला नाही. म्हणूनच मला हे चित्र निव्वळ खुशामत वाटत नाही.

बाकी सत्तेचं सामान खच्चून भरलंय: जुन्या काळच्या सम्राट शार्लमेनची म्हणवली जाणारी तलवार, उशीवर मुकुट, शेजारी हस्तिदंती पंजा असलेला न्यायदंड, खांबाच्या तळाशी न्यायदेवता, वर जडशीळ पडदा. अस्तराच्या पांढऱ्या फरवरचे काळे ठिपके म्हणजे एर्मिन या छोट्या प्राण्याच्या शेपट्यांची टोकं. किती जनावरं गेली असतील, देव जाणे. पण मला सगळ्यात उर्मट वाटला तो राजदंड. आजोबा चौथ्या हेन्रीचा तो दंड त्यानं उलटा धरून चक्क उशीवर टेकवलाय, फिरायला निघाल्यावर काठी टेकावी तसा. ज्याच्याकडे सत्ता आहेच, तो ती घट्ट कशाला पकडेल?

हे चित्र खरं तर स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला पाठवायचं होतं. आजोबांना स्वतःचं रूप इतकं आवडलं की त्यांनी ते ठेवूनच घेतलं! दुसऱ्या दिवशी व्हर्सायच्या राजवाड्यात त्याचीच प्रत भेटली. तिथे ही गर्दी. कोणाची तरी पाठपिशवी माझ्या बरगडीत, समोर सेल्फीची काठी, राजा कमरेपासून वर तेवढा दिसत होता.

"पायच दिसत नाहीत," ताई वैतागून म्हणाली, "चल, कॉफी पिऊ."