दादरा जोडून काढलेला नकाशा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. स्नेहसंमेलनं, दोन ऑगस्टची प्रभातफेरी, मधल्या सुट्टीतली चिंचेखालची भांडणं, सगळ्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण लिहायला बसलो की भूगोलाचे सरच समोर येतात. माझ्या वेळच्या मुलांना नाव सांगायला नको. नकाशेवाले सर म्हटलं की पुरे.

सर मूळचे नाशिककडचे. "मी आणि दमणगंगा, दोघंही नाशिक जिल्ह्यातून निघालो. ती दमणला जाऊन समुद्राला मिळाली, मी सिल्वासात राहिलो," असं ते पहिल्याच तासाला सांगायचे. नदीचा उगम आणि मुख मला पुस्तकातून कधी पाठ करावं लागलं नाही.

आठवीत त्यांनी आपल्या प्रदेशाचा, म्हणजे दादरा आणि नगर हवेलीचा, नकाशा घरून काढून आणायला सांगितला. आपला प्रदेश तो केवढा! ४९१ चौरस किलोमीटर, ७२ गावं. मी दादऱ्याचा तुकडा नगर हवेलीला चिकटवून टाकला. नावात दोन्ही एकत्र, म्हणजे जमीनही सलगच असणार, अशी माझी समजूत. सरांनी दादऱ्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला. गुण दिले नाहीत, रागावलेही नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि वापीच्या रस्त्याला लागले.

पिपरिया मागे पडल्यावर लवाछ्याच्या हद्दीत त्यांनी सायकल थांबवली. "उतर. आता आपण गुजरातेत आहोत. दादरा येईपर्यंत पावलं मोज." मी मोजत चाललो, सर सायकल हातात धरून बाजूनं. मध्येच गवताची एक बैलगाडी आली, तिला वाट देताना माझा आकडा चुकला. मी रडवेला झालो. सरांनी शांतपणे पुढचा आकडा सांगितला. तेही मनात मोजत होते! दादऱ्याला पोचल्यावर एकूण पावलं त्यांनी पेनानं माझ्या तळहातावर लिहिली. परतीच्या वाटेवर कॅरिअर घट्ट धरून बसलो होतो, त्या घामानं आकडा पुसला. आज तो मला आठवत नाही, पण सरांचं अक्षर आठवतं.

तिथं झाडाखाली बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते पुढे कुठल्याच वर्गात मिळालं नाही. १७७९ च्या तहानं पेशव्यांनी पोर्तुगिजांना वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं. त्यातून १७८३ मध्ये नगर हवेली गेली, १७८५ मध्ये दादरा. "वसुलाचा हिशेब धरून गावं दिली रे, सलग मुलूख तोडून दिला नाही. म्हणून तुझा नकाशा असा तुटका," सर म्हणाले.

आणि हीच तुटकी जागा १९५४ मध्ये आपल्या कामी आली. दमणहून इथं यायला पोर्तुगिजांना भारतातूनच यावं लागायचं आणि भारतानं वाट बंद केली. २१ जुलैच्या रात्री दादरा पोर्तुगिजांच्या हातून सुटला, २८ ला नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. या लढ्यात उतरलेले सुधीर फडके, राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, ही नावं सर घ्यायचे तेव्हा आवाज खाली यायचा त्यांचा.

पुढे पोर्तुगाल भारतातून वाटेचा हक्क मागायला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. तिथं आपल्या जुन्या मराठी कागदांचा कीस पाडला गेला. पेशव्यांनी दिलं ते राज्य की सरंजाम? न्यायालयानं सरंजामच मानला, म्हणजे वसुलाचा हक्क. सर प्रामाणिक होते, दुसरी बाजूही सांगायचे: इंग्रजांनी नंतर पोर्तुगिजांची सत्ता मान्य केली होती, हेही न्यायालयानं म्हटलं. १२ एप्रिल १९६० चा निकाल असा, की माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती; फौजेला, सशस्त्र पोलिसांना, हत्यारांना नव्हती; आणि भारतानं आपलं कर्तव्य मोडलं नाही. कोकणा आदिवासी घरातला मुलगा मी, घरी नागलीची भाकरी खाऊन शाळेत येणारा. आमच्या गावांसाठी एका मराठी शब्दाचा अर्थ युरोपात लावला गेला, हे ऐकून माझी छाती भरून आली होती.

आज मी पिपरियाजवळच्या एका धाग्याच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. पॉलिस्टरचं सूत इथून देशभर जातं. विक्रीकराची सवलत मिळाली तेव्हा कारखाने आले, आमच्या पाड्यावरच्या कितीतरी घरांत पहिला पगार आला. मी त्याचा ऋणी आहे. पण १९८१ मध्ये आपण १,०३,६७६ माणसं होतो, २०११ मध्ये ३,४३,७०९ झालो, आणि त्यात आदिवासी निम्म्याहून थोडेच जास्त उरले. खैर-सागाच्या सावलीतले रस्ते गेले. मधुबन धरणाच्या पाण्यावर दुधनीला लोक होडीत फिरायला येतात. त्या पाण्याखाली शेतं होती, हे त्यांना सांगायला सरांसारखं कोणी नाही. आपल्या शाळेत पूर्वी वारली, कोकणा, धोडिया मुलं एका बाकावर बसून मराठी वाचायची. आता पट किती उरलाय, हे विचारायला मला धीर होत नाही.

मुलगी कायद्याला गेली. हेगचा निकाल तिनं पहिल्या वर्षी स्वतः शोधून वाचला आणि रात्री मला फोन केला, "बाबा, सरंजाम शब्द खरंच आहे त्यात." सर तेव्हा हयात असते तर मी फोन त्यांच्या कानाला लावला असता.

गेल्या महिन्यात लवाछ्यापासून दादऱ्यापर्यंत पुन्हा चालायला गेलो. ट्रकची रांग इतकी, की थोड्या अंतरावरच कडेला थांबावं लागलं. आता एखाद्या रविवारी पहाटे जाईन.

त्या नकाशाचं पान माझ्याकडे आहे. लाल गोल अजून स्पष्ट दिसतो. मी त्याला चौकट करून घेतली आहे. जुन्या इमारतीतल्या कोपऱ्यातल्या वर्गात, फळ्याच्या डाव्या हाताला, जिथं सर नकाशे टांगायचे तिथं खिळा असेल तर मी समारंभाच्या दिवशी घेऊन येतो. नसेल तर खिळाही आणीन.